चकचकीत लॅपटॉप पुसताना: आधी धूळ, मग पाणी, मग बाकी सगळं

दहिसरच्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला, झाकण काळं चकचकीत आणि स्क्रीनही ग्लॉसी. झाकणावर बोटांचे ठसे उठतात म्हणून त्या रोज कोरड्या फडक्याने पुसत राहिल्या, तर आता उजेडात धरलं की केसासारख्या बारीक रेघा दिसतात. स्क्रीन एकदा खिडकीच्या काचा पुसायच्या निळ्या स्प्रेने पुसली, तिच्यावर पांढुरके पट्टे राहिले. शेजारच्यांनी सॅनिटायझर सुचवला, दुकानदाराने किट दाखवलं. आता हात लावायचीच भीती वाटते, म्हणतात. नक्की कशाने पुसायचं, किती वेळा, आणि पडलेल्या रेघा जातील का?

ताई, मी लॅपटॉप दुरुस्तीत बरीच वर्षं आहे, आणि तुमच्यासारखी तक्रार जवळजवळ रोज टेबलावर येते. यात तुमची हयगय नाही, उलट काळजी जास्त झाली आहे. चकचकीत वस्तू रोज पुसायची नसते, हे विकताना कोणी सांगत नाही.

रेघा फडक्याने पडत नाहीत, फडक्याखाली सापडलेल्या धुळीने पडतात. मुंबईत सध्या गल्लीगल्लीत जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत, मेट्रोची कामं चालू आहेत, रस्ते खोदलेले आहेत. घरात येऊन बसणाऱ्या धुळीत सिमेंट असतं, दगडाचा चुरा असतो, वाळू असते. वाळूतला क्वार्ट्झ खनिजांच्या काठिण्याच्या मोजपट्टीवर ७ वर बसतो, साधी काच साडेपाचच्या आसपास, आणि झाकणाचं प्लास्टिक त्याच्या कितीतरी खाली. म्हणजे कण छोटा असला तरी तो काचेलाही भारी आहे, प्लास्टिकचं तर विचारूच नका. अशा झाकणावर कोरडं फडकं दाबून फिरवणं म्हणजे रांगोळी भुरभुरून त्यावरून फडकं ओढणं.

त्यात आपल्याकडे समुद्र. वरळी, वांद्रे, वर्सोवा इथे तर सरळ खारा वारा घरात येतो, आणि दहिसरही गोराईच्या खाडीपासून फार लांब नाही. मीठ हवेतला ओलावा ओढतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण स्वतःच विरघळायला लागतो, आणि पावसाळ्यात मुंबईची हवा बहुतेक दिवस त्याच्या वरच असते. त्यामुळे इथली धूळ नुसती बसत नाही, चिकटून बसते. घर लहान, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणि चार हातांवर गॅस असेल तर फोडणीची वाफ त्यावर आणखी मेणचट थर देते. धूळ फुंकरीने का जात नाही आणि लोक जोर का लावतात, त्याचं कारण हे. जोर लावला की रेघ पडलीच.

पुसायला घेण्याआधी तुमची स्क्रीन कशाची आहे ते ओळखा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. ग्लॉसी म्हणजे काच असं पुष्कळजण धरून चालतात, ते खरं नाही. लॅपटॉप बंद करा, झाकण उघडा आणि स्क्रीनच्या कडेला बोट हलकेच फिरवा. चित्र दिसतं तो भाग आणि त्याभोवतीची काळी किनार एकाच सपाट पत्र्यासारखी सलग कडेपर्यंत गेली असेल, मध्ये पायरी लागत नसेल, तर वर काच आहे. टचस्क्रीनच्या लॅपटॉपमध्ये बहुधा असंच असतं. पण भोवती प्लास्टिकची उंच चौकट असेल आणि स्क्रीन आत खोलगट बसलेली असेल, तर समोर काच नाही. तुम्ही ज्याला हात लावता ती पॅनलवर, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या भागावर, चिकटवलेली पोलरायझरची (प्रकाश गाळणारी) प्लास्टिकची फिल्म आहे, वर कडक थर दिलेला. कमी किमतीच्या ग्लॉसी लॅपटॉपमध्ये ही जास्त सापडते. तिला पाणी चालतं, पण घासणं आणि तेज रसायनं दोन्ही चालत नाहीत. तिच्यावर बोट दाबलं की रंगांच्या लाटा उठतात, कारण तिच्यामागे द्रवस्फटिकाचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे. ही लाट बघण्यासाठी मुद्दाम दाबून पाहू नका, पायरी आहे की नाही एवढं पुरेसं आहे.

काचेच्या स्क्रीनलाही एक नाजूक बाजू असते. चांगल्या स्क्रीनच्या काचेवर प्रतिबिंब कमी करणारा थर असतो आणि टचस्क्रीनवर बोटाचं तेल न धरणारा थर. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर हा थर सगळा मिळून एक मायक्रॉनही भरत नाही. आपण पुसतो ते काच नसून हा थर असतो. खिडकीच्या काचेला असं काही नसतं, म्हणून तिथे जो स्प्रे चालतो तो इथे चालेलच असं नाही. काच पुसायच्या काही स्प्रेमध्ये अमोनिया असतो, काहींत तेल सोडवणारे दुसरे द्रावक, शिवाय रंग आणि सुगंध. थराचं आणि प्लास्टिकचं त्याच्याशी जमत नाही.

तुमच्या पांढुरक्या पट्ट्यांबद्दल मात्र लगेच घाबरू नका. तो बहुधा स्प्रेमधला वाळलेला अवशेष आहे, साध्या पाण्याने दोनतीनदा पुसला की जातो. ओळखायची खूण सांगतो. बंद स्क्रीनवर तिरका उजेड टाका. पट्टे पुसल्याच्या दिशेने गेलेले असतील आणि ओल्या फडक्याने थोडे तरी फिके होत असतील, तर अवशेष. पण डाग ओलं असताना नाहीसा होतो, वाळलं की जिथल्या तिथे परत येतो, आणि तिरपं पाहिलं तर त्याच्या कडा निळसर-जांभळ्या दिसतात, असं असेल तर थर उडाला आहे. तिथे मग काहीही लावू नका. जितकं घासाल तितका तो पसरत जाईल. स्क्रीन चालू असताना तो फारसा दिसत नाही, तसाच वापरा.

आता सामान. फार लागत नाही. मायक्रोफायबरची दोन फडकी, एक ओलं करायला आणि एक कोरडं, दोन्ही फक्त लॅपटॉपसाठी. शिलाईची जाड किनार नसलेली घ्या, किनारीच्या दोऱ्यात कण अडकतात. चष्म्याच्या दुकानातलं चांगलं फडकंही उत्तम. जुन्या बनियनचं किंवा मऊ सुती साडीचं फडकं मऊ असतं खरं, पण सूत कण आपल्यात ओढून घेत नाही, पुढे ढकलत नेतं. मायक्रोफायबरचा धागा चिरलेला असतो, त्या चिरांत धूळ आणि तेल दोन्ही अडकतं, म्हणून ते कमी दाबात काम करतं. टिश्यू आणि वर्तमानपत्र लाकडाच्या लगद्याचं, दोन्ही इथे नकोत. दुसरं, कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी ब्लोअर, हाताने दाबायचा फुगा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा कॅमेऱ्याच्या कुठल्याही दुकानात मिळतो. तिसरं, मेकअपचा कोरा मऊ ब्रश. किटमध्ये येणारा ब्रश कीबोर्डसाठी ठेवा, त्याचे केस स्क्रीनला राठ पडतात.

आणि पाणी. याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मुंबईत निम्मे पट्टे पाण्याने पडतात. महापालिकेच्या नळाला येणारं पाणी भातसा, तानसा, वैतरणा या धरणांमधलं, म्हणजे पावसाचं साठवलेलं. त्यात क्षार कमी. पण सोसायटीत टँकर येत असेल किंवा बोअरवेलचं पाणी मिसळत असेल तर गोष्ट वेगळी. ते वाळलं की काळ्या झाकणावर पांढरी कड सोडतं, आणि ती कड म्हणजे क्षारांचे कणच, पुढच्या पुसण्यात तेच रेघा पाडतात. नळाच्या तोटीवर पांढरी खपली धरते का ते पाहा. धरत असेल तर ते पाणी लॅपटॉपला नको. सगळ्यात बिनधास्त उपाय म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीच्या दुकानात मिळतं, एक बाटली वर्षभर पुरते. सीलबंद घ्या आणि छोट्या स्प्रेच्या बाटलीत भरा. ती बाटली नवी हवी, आधी सुगंधी काही भरलेली नको.

पुसायला बसताना लॅपटॉप पूर्ण बंद करा, नुसता स्लीपवर नको. चार्जर बोर्डातून काढा. धातूच्या लॅपटॉपला चार्ज होताना हात लावला की कधी हलक्या मुंग्या येतात, तो चार्जरमधून झिरपणारा किरकोळ प्रवाह असतो, ओल्या हाताला तो जास्त जाणवतो. त्यातून अपाय सहसा होत नाही, पण ओलं फडकं हातात असताना चार्जर जोडलेला नसावा. गरम असेल तर पंधरा मिनिटं थांबा, गरम स्क्रीनवर पाणी पुसायच्या आधीच वाळतं आणि पट्टे पडतात. आणि पुसायला लागण्याआधी पंखा बंद करा. आपण पुसतो आणि वरून धूळ पडत राहते, हे घराघरात होतं.

बंद काळ्या स्क्रीनवर मोबाईलची टॉर्च बाजूने, अगदी आडवी धरा. समोरून जे स्वच्छ दिसत होतं तिथे कण, केस, शिंतोडे सगळं उभं राहतं. आता ब्लोअर. स्क्रीन थोडी पुढे झुकवा म्हणजे उडालेलं खाली पडेल, आणि वरून खाली हवा मारत या. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब उडतात आणि त्यांचेच डाग पडतात. जे कण हवेने हलत नाहीत त्यांना ब्रशच्या टोकाने नुसतं टेकवून उचला. या पायरीवर पाच मिनिटं गेली तरी जाऊ द्यात. तुमच्या झाकणावरच्या रेघा इथेच टळल्या असत्या.

मग ओलं फडकं. दोनदा दुमडून चौपदरी घडी केली की वापरायला आठ बाजू मिळतात, प्रत्येक बाजू थोडी वापरायची आणि पालटायची. पाणी नेहमी फडक्यावर मारायचं, स्क्रीनवर कधीही नाही. फडकं मनगटावर टेकवून पाहा: गार लागलं पाहिजे, ओलं राहता कामा नये. स्क्रीनवरून फिरवल्यावर मागे धुक्यासारखा पातळ पट्टा दिसावा आणि चार-पाच सेकंदांत आपोआप उडून जावा. थेंब जमला तर पाणी जास्त झालं, फडकं पिळा. एका हाताने झाकणाची वरची कड धरा आणि दुसऱ्या हाताने वरून खाली सरळ ओढत या. जोर नाही, फडक्याचं स्वतःचं वजन आणि बोटांचा आधार एवढंच. गोल गोल फिरवू नका. सरळ गेलेली चुकार रेघ एका कोनातूनच दिसते, गोल रेघा मात्र दिव्याखाली कुठूनही पाहिलं तरी दिव्याभोवती जाळ्यासारख्या चमकतात. लगेच मागून दुसरं कोरडं फडकं त्याच हलक्या हाताने.

खालच्या कडेला आलात की खास सांभाळा. पॅनलला चित्र पुरवणाऱ्या चिप आणि पट्ट्या बहुतेक लॅपटॉपमध्ये त्याच कडेला असतात. स्क्रीनवर मारलेला स्प्रे ओघळून तिथेच उतरतो आणि चौकटीच्या फटीतून आत शिरतो. पातळ फटीत पाणी वरही चढतं, त्यामुळे ते बॅकलाइटच्या, म्हणजे स्क्रीनमागून उजेड देणाऱ्या भागाच्या, पापुद्र्यांमध्ये पसरतं आणि वाळल्यावर ढगासारखा डाग सोडतं. तो बाहेरून पुसता येत नाही, बहुतेक वेळा पॅनल बदलावं लागतं. वर्षाला असे कितीतरी लॅपटॉप येतात, आणि प्रत्येकाच्या मागे स्क्रीनवर थेट मारलेला स्प्रे असतो. पाणी आत गेल्याची शंका आली तर लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जर काढा, पुन्हा चालू करून बघायचा मोह टाळा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. हेअर ड्रायर नको, उष्णतेने फिल्म सुटते. तांदळात ठेवू नका, तांदूळ आतलं पाणी ओढत नाहीत, उलट पोर्टमध्ये पीठ आणि कणी जाते. पावसाळ्यात उघड्या खोलीत आतलं पाणी वाळतही नाही.

एवढं करून बोटांचे ठसे राहिले तर ते त्वचेचं तेल आहे, पाणी त्याला पुरत नाही. काचेच्या स्क्रीनवर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरता येतं, दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात ते. ७० टक्क्यांचं घ्या, ९९ टक्क्यांचं घेतलंत तर डिस्टिल्ड वॉटरने पातळ करा. शुद्ध आयपीए तेल सुटायच्या आत उडून जातं आणि तेल तिथेच पसरतं. अॅपलने मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या वेळी, ७० टक्के आयसोप्रोपिलच्या पुसणीने डिस्प्लेसकट कडक पृष्ठभाग हलकेच पुसायला हरकत नाही असं जाहीर केलं, त्याच वेळी ब्लीच मात्र साफ नको म्हटलं. तरी माझं मत असं की आयपीए रोजच्यासाठी नाही, डाग असेल तिथे आणि तेवढंच. फिल्मच्या स्क्रीनवर मी ते लावत नाही, तिथे पाणीच, फारतर ठसा असलेल्या जागी दोनदा. आणि गॅसजवळ, देवघरातल्या दिव्याजवळ आयपीएची बाटली उघडू नका, ते पेटतं.

शेजाऱ्यांच्या सॅनिटायझरमध्येही अल्कोहोल असतं, मग त्यात काय बिघडलं, असं तुम्हाला वाटेल. अल्कोहोलसोबत त्यात काय आहे ते पाहा. हाताची कातडी कोरडी पडू नये म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातही ते १.४५ टक्के आहे. अल्कोहोल उडतं, ग्लिसरीन मागे राहतं आणि स्क्रीन कायम ओशट वाटते, वर धूळ आणखी धरते. जेलमध्ये शिवाय घट्टपणासाठी आणखी काही असतं. डेटॉलमध्ये पाइनचं तेल असतं, तेही तेच करतं. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर तर लॅपटॉपच्या खोलीतही आणू नका. यांनी प्लास्टिक मऊ पडतं, एका पुसण्यात चकाकी मरते आणि ती परत येत नाही. मोबाईल दुरुस्तीच्या काही टेबलांवर थिनर ठेवलेलं असतं, ते आतल्या सर्किटसाठी. कोणी तुमच्या झाकणावर ते लावायला लागलं तर थांबवा. टूथपेस्ट नको, तिच्यात घासायची पूड असते. जादूचा म्हणून विकला जाणारा पांढरा स्पंज मेलामाइनचा असतो, हाताला मऊ लागला तरी काम तो पॉलिश पेपरचं करतो.

दुकानदाराच्या किटबद्दल: बाटलीवर घटक छापलेले असतील आणि त्यात अमोनिया, अल्कोहोल नसेल तर चालेल, बहुतेक पाणी आणि थोडा साबणासारखा घटकच असतो. काही छापलेलंच नसेल तर फडकं ठेवा, पाणी टाका.

झाकणाला स्क्रीनइतकं सोवळं लागत नाही, पण क्रम तोच. आधी ब्लोअर आणि ब्रश. मग एक कप पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, एकच. त्यात फडकं बुडवून घट्ट पिळायचं, झाकण पुसायचं, लगेच साध्या पाण्याच्या फडक्याने आणि मग कोरड्याने. स्वयंपाकघराचा मेणचट थर यानेच जातो, नुसत्या पाण्याने तो नुसता पसरतो. पोर्ट, हवेच्या जाळ्या आणि बिजागरीच्या फटीजवळ फडकं नेऊ नका. गाडीच्या डॅशबोर्डवर मारतात तो चमक देणारा स्प्रे झाकणावर फार सुंदर दिसतो, फक्त पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून त्याच्यावर धूळ जमते आणि पुसताना परत रेघा.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एक ठराविक तक्रार येते. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला आपण लॅपटॉपलाही हळदकुंकू लावतो, झेंडूचं फूल ठेवतो. लावाच, पण बोट ओलं करून झाकणावर लावलेली हळद तशीच राहिली की फिकट झाकण पिवळं पडतं. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून लोक साबणाने घासतात, आणि साबणाच्या अल्कलीने हळद लाल होते. मग घाबरून आणखी घासतात. कोरडी पूड आधी ब्लोअरने उडवा, डाग राहिला तर आयपीएच्या ओलसर फडक्याने टिपून घ्या, तो रंग अल्कोहोलमध्ये उतरतो. आधी झाकणाच्या खालच्या कोपऱ्यात लावून पाहा. उरलेला पिवळेपणा उजेडाने काही दिवसांत फिका पडतो. कुंकवाचे कण मात्र पुसू नका, उडवा. आणि अक्षता वाहायच्याच असतील तर झाकण बंद ठेवून वाहा, कळांखाली गेलेला तांदळाचा दाणा काढायला आम्हाला अख्खा कीबोर्ड उघडावा लागतो.

स्टिकरच्या गोंदाला खोबरेल तेलाचा एक थेंब, दहा मिनिटं, मग बोटाने हलकेच वळून काढा आणि साबणपाण्याने तेल पूर्ण पुसा. हे फक्त झाकणासाठी, स्क्रीनजवळ तेल नको.

कीबोर्डवर कळा चकचकीत झाल्या असतील तर तो मळ नाही, प्लास्टिक झिजून गुळगुळीत झालं आहे, ते पुसून जाणार नाही. बाकी कीबोर्ड उलटा धरून ब्रशने झटकायचा आणि ओलसर फडक्याने पुसायचा. पण कीबोर्डचा स्क्रीनशी एक थेट संबंध आहे, तो सांगतो. बोटांचं तेल कळांवर बसतं. बॅग विरार लोकलच्या गर्दीत दाबली जाते, झाकण कळांवर टेकतं आणि स्क्रीनवर कळांचे चौकोनी ठसे उमटतात. मुलगी ट्रेनने जात असेल तर स्क्रीनच्या मधोमध असे चौकोन असतील, पाहा. ते तेल असेल तोवर पुसून जातं. महिनोनमहिने तसंच दाबलं गेलं की थरावर कायमची खूण राहते. म्हणून आठवड्याला कीबोर्ड पुसा, स्क्रीनपेक्षा तो जास्त वेळा. मधे जाड फडकं किंवा रुमाल घालून झाकण बंद करू नका, हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये तेवढी जागाच नसते आणि दाब सगळा पॅनलवर येतो. वेबकॅमवर चिकटवायच्या सरकत्या झाकणांनीही याच कारणाने पॅनल फुटल्याचं पाहिलं आहे. बॅगेत लॅपटॉपच्या कप्प्यात चार्जरचा ठोकळा आणि डबा नसावा, एवढं मुलीला सांगा.

फडकी हाताने धुवा, साध्या साबणाने, आणि खूप पाण्यात खळबळा. कपडे मऊ करणारं कंडिशनर त्यात नको, ते धाग्यावर थर देतं आणि मग फडकं पुसत नाही, फासतं. सुती कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकलंत तर त्यांचा लिंट, म्हणजे सुटलेले बारीक तंतू, सगळा यांच्यावर येतो. पावसाळ्यात फडकं पंख्याखाली पूर्ण वाळवून झिपच्या पिशवीत ठेवा. कुबट वास आला तर परत धुतल्याशिवाय वापरू नका. जमिनीवर पडलेलं फडकं झटकून वापरायचं नाही, धुवायचं.

किती वेळा, हा तुमचा प्रश्न होता. स्क्रीन पंधरा दिवसांनी, किंवा चालू असताना डाग आड येईल तेव्हा. धूळ दिसली तर नुसता ब्लोअर, तो रोज चालेल. झाकण महिन्याला एकदा पुरे. ठसे दिसणारच, काळ्या चकचकीत प्लास्टिकवर ते दिसायचे थांबत नाहीत, आणि ते घालवण्यासाठी रोज पुसलंत तर ठसे जातील आणि रेघा राहतील.

आता पडलेल्या रेघा. स्क्रीनवर पडलेली रेघ कुठल्याही पॉलिशने जात नाही, पॉलिश म्हणजे थर खरवडणं, तिथे काही करू नका. झाकणावरच्या रेघा गाडीच्या रंगाच्या बारीक पॉलिशने थोड्या दबतात, पण पुष्कळ चकचकीत झाकणांवर वरचा कडक थर पातळच असतो, आणि पॉलिश तोच आणखी झिजवतं. वॉरंटीतल्या लॅपटॉपवर तर मी ते करायला सांगणार नाही. तुमच्यासाठी मला बरा उपाय वाटतो तो म्हणजे झाकणावर व्हिनाइलची मॅट स्किन, चकाकी नसलेलं चिकटवायचं पातळ आवरण. लॅमिंग्टन रोडला मॉडेलप्रमाणे कापून लावून देतात. जुन्या रेघा झाकल्या जातात, नव्या स्किनवर पडतात, आणि ठसेही दिसत नाहीत. चिकटवून घेण्याआधी झाकण साबणपाण्याने पुसून पूर्ण वाळवा आणि लावणाऱ्यासमोरच ब्लोअर मारून टॉर्चने तपासा. खाली राहिलेला एक कणही व्हिनाइलमधून फोडासारखा वर येतो, आणि तो काढायचा तर स्किन उचकटून परत लावावी लागते.